तीन मिनिटांची ओळ

दौंडहून शिरूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत मला झोप लागते. भीमेचा पूल मागे पडला की डोळे मिटतात आणि न्हावऱ्याच्या आसपास कुणाची तरी पिशवी गुडघ्याला लागून उघडतात. मधला सगळा ऊस मी आठ वर्षांत कधी धड पाहिलेला नाही. झोपेत तो फक्त ऐकू येतो, खिडकीशी सळसळत मागे जातो, आणि त्याच्या सऱ्यांमधून प्रोग्रामच्या ओळी चालत येतात. काळ्या मातीवर पांढरी अक्षरं. त्यातली एक ओळ दर वेळी थांबते आणि माझ्याकडे बघते. ती मी एकदा पुसली होती.

शिरूरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं वर्कशॉप आहे. शेतातल्या मोटारींचे फोनवर चालणारे स्टार्टर आम्ही बनवतो. डब्याएवढी पेटी, आत सिमकार्ड आणि आमचा प्रोग्राम. शेतकऱ्यानं घरून फोन लावला की पेटी विहिरीवरची मोटार चालू करते. लाइट गेली आणि परत आली की पेटी स्वतःच त्याला फोन करते आणि बाईच्या आवाजात सांगते, ‘लाइट आली आहे. मोटार चालू होत आहे.’

तो आवाज माझा आहे. पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून मी ती दोन वाक्यं बोलले होते, आणि गल्लीतला भंगारवाला नेमका दर वेळी मध्येच ओरडत होता म्हणून सतरा वेळा बोलले होते. अठराव्या वेळी माझा आवाज इतका थकलेला आणि शांत आला की मालक म्हणाले, हाच ठेवू. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. फलाटावरच्या भोंग्यातून गाड्यांची नावं सांगणारी बाई त्या भोंग्यातच राहते, असं मला सहा-सात वर्षांची होईपर्यंत वाटत होतं. ती जेवते कधी, याची मला काळजी असायची. आता घोड आणि भीमेच्या मधल्या कितीतरी रानांत मीच भोंग्यातली बाई झाले होते. मला त्याची गंमत वाटायची, आणि खोटं कशाला बोलू, थोडा तोराही होता.

मालकांना सगळे आप्पा म्हणतात. मूळचे ते मोटार रिवाइंडिंगवाले, जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देणारे. पन्नाशीला आले तेव्हा कॉम्प्युटर शिकले, आणि कुणी शिकवलं असं विचारलं की म्हणतात, गरजेनं. मी कामाला लागले तेव्हा त्यांची स्क्रिप्ट आधीपासून चालू होती. स्क्रिप्ट म्हणजे एक साधी लांबलचक फाईल. लिहिलेल्या प्रोग्रामचे तुकडे गोळा करून, जोडून, पेटीत भरण्याजोगा एक घास करायचा, याला आमच्यात बिल्ड म्हणतात. प्रत्येक पेटीचा घास वेगळा, कारण कुठे मोटार मोठी, कुठे छोटी, कुठे सिम एका कंपनीचं, कुठे दुसऱ्या. हे सगळं आप्पांच्या त्या एका फाईलमध्ये वरपासून खालपर्यंत सांगितलेलं होतं. ही पेटी असेल तर असं कर, ती असेल तर तसं.

आणि मग त्यात माणसं शिरली होती. एका पेटीला दहा वेळा रिंग द्यायची, कारण फोन उचलणारी म्हातारी गोठ्यातून येते. एका पेटीनं सकाळपाळीच्या आठवड्यात बायकोच्या नंबरवर फोन करायचा, कारण नवरा रांजणगावला कंपनीत, फोन लॉकरमध्ये. प्रत्येक ओळीच्या शेवटी आप्पांची टीप, अक्षरं इंग्रजी आणि भाषा मराठी. मला ती फाईल उघडली की कुणाच्या तरी घरातल्या फडताळात डोकावल्यासारखं वाटायचं. मला फडताळं आवरलेली लागतात.

आप्पांचा एक नियम होता. जागेवर जाऊन, घड्याळ हातात धरून उभं राहिल्याशिवाय फाईलमध्ये एकही ओळ घालायची नाही. ऑफिसात बसून कुणी ‘वाढवा की दहा सेकंद’ म्हणालं की ते म्हणायचे, उंटावरून शेळ्या हाकू नका. तुम्ही त्यांना एखादी ओळ का घातली असं विचारलंत, तर ते उत्तर देत नसत. सोल्डरिंगची गन खाली ठेवायचे, स्कूटरची किल्ली घ्यायचे आणि म्हणायचे, “चल, दाखवतो.”

मग अख्खी दुपार जायची. वाटेत दोन ठिकाणी चहा, एका ठिकाणी कुणाच्या तरी म्हशीची चौकशी, आणि शेवटी एका विहिरीच्या काठावर उभं राहून आप्पा सांगणार, ही बघ. पहिल्या वर्षी मला ते आवडलं. दुसऱ्या वर्षी कामं अडायला लागली. तिसऱ्या वर्षापासून मी त्यांना काही विचारणंच सोडलं. एका प्रश्नाची किंमत एक दुपार असेल तर शहाणं माणूस प्रश्न स्वतःच सोडवतं, असं माझं गणित होतं.

तेव्हा मी नवं टूल आणलं. खरोखर देखणी गोष्ट होती ती. पेटी टेबलावर ठेवून तार जोडली की टूल स्वतःच तिची तपासणी करायचं. सिम कुठलं, आहे. तीन फेज, आहेत. व्होल्टेज मोजणारा भाग, आहे. पडद्यावर एकामागून एक ‘आहे, आहे’ उमटत जायचं आणि शेवटी घास तयार. जे टूलला सापडत नाही आणि जे कुणी सांगितलेलं नाही, तिथे ते आपलं एक ठरलेलं उत्तर घालायचं. आधी एका पेटीला अर्धा दिवस लागायचा आणि आप्पांच्या बोटांकडून चुका व्हायच्या. आता चहा गाळून होईपर्यंत पेटी तयार. मी पडद्याकडे बघत बसायचे आणि मला दौंडच्या यार्डात एकेक करून हिरवे होणारे सिग्नल आठवायचे. इतकं समाधान मला स्वयंपाकातही कधी मिळालेलं नाही.

आप्पा म्हणाले, चांगलं हाय. एवढंच म्हणाले. त्यांनी हातातली पेटी उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं की माझ्या फाईलमधलं सगळं यात आलं का. मी म्हटलं, जे लागतं ते आलं.

जुन्या फाईलमधल्या विचित्र ओळींची मी यादी केली होती. बहुतेक मी टूलमध्ये नीट कप्पे करून बसवल्या. म्हातारीच्या दहा रिंगा बसवल्या, नवऱ्याची पाळी बसवली. शेवटी एक ओळ उरली. एका पेटीसाठी लिहिलं होतं की लाइट आल्यावर फोन करू नये, विहिरीवरच्या झाडाला लावलेल्या भोंग्यातून ‘लाइट आली आहे’ एवढंच बोलावं, मग तीन मिनिटं थांबावं, आणि तेव्हा दुसरं वाक्य बोलून मोटार चालू करावी. टीप होती, ‘विहीर. तीन मिनिटं. कमी करू नये.’

भोंगा मी ठेवला. त्या विहिरीपाशी रेंज नसेल, असं मी धरलं. पण तीन मिनिटं कशाला? मी डोकं चालवलं. लाइट आल्या आल्या व्होल्टेज खालीवर होतं, जुन्या पेट्यांना ते कळायचं नाही, म्हणून आप्पांनी आंधळेपणानं तीन मिनिटं घातली असणार. नव्या पेटीला व्होल्टेज कळतं. मग थांबायचं कारण उरलं नाही. टूलचं ठरलेलं उत्तर दहा सेकंद होतं, तेच राहू दिलं. आप्पा समोरच्या टेबलावर होते, चार पावलांवर. विचारलं असतं तर म्हणाले असते, चल, दाखवतो. मला तेवढी दुपार द्यायची नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तर माझा बैल त्या दिवशी रिकामा झाला आणि मला पत्ता नव्हता.

फाल्गुनात वीज पडून त्या विहिरीची जुनी पेटी जळाली. नवीन पेटी टूलनं केली, आमच्या फिटरनं नेऊन बसवली. तक्रार आली नाही. आमच्या धंद्यात तक्रार आली नाही की सगळं बरं आहे असं समजतात, आणि मीही तेच समजले.

नंतरचे दोन महिने सुखाचे गेले. ऊन वाढत होतं, एसटी रिकामी असायची, मला खिडकी मिळायची. आप्पांना मी कमी विचारायचे आणि ते आपणहून कमी सांगायचे. शनिवारच्या बाजाराच्या दिवशी ते जेवून आल्यावर भाजीची पिशवी टेबलाखाली ठेवत म्हणाले की बाजारात आबा दिसले. कुठले आबा, मी न बघता विचारलं. आमच्याकडे दर तिसरं गिऱ्हाईक आबा आहे. ते म्हणाले, तीन मिनिटंवाले.

मी अजूनही पडद्याकडेच बघत होते. आप्पा खुर्चीत बसले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “बाराच्या टायमाला हा माणूस वर कसा? बारा वाजता आबा विहिरीत असत्यात. येवढ्या वर्षांत बाजारात कवा दिसलं न्हाईत.”

माझी बोटं थांबली. विहिरीत म्हणजे काय, असं मी विचारलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. तीन मिनिटं ठेवलीस नव्हं, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी किल्ली उचलली.

वाटेत त्यांनी चहाला स्कूटर थांबवली नाही, म्हणजे गोष्ट किती मोठी होती ते मला कळलं. वाऱ्यात मान मागे वळवून ते तुकड्यातुकड्यानं सांगत होते. आबांची विहीर जुनी, खोल, आत दगडी पायऱ्या. मोटार अर्ध्यावरच्या ओट्यावर बसवलेली. ती सुरू झाली की पाइपाच्या सांध्यातून पाण्याची चिळकांडी उडते आणि नेमकी पायऱ्यांवर पडते. सांधा तीनदा बदलून झाला, टिकत नाही. पायऱ्यांना शेवाळ, ओल्या झाल्या की उभं राहता येत नाही. आबा रोज दुपारी खाली उतरतात. मग खाली जाताना फ्यूज काढून खिशात ठेवायचा, जगाची रीत आहे, असं मी ओरडून म्हटलं. आप्पा म्हणाले, ठेवायचे की. दोनदा कोपरीबरोबर फ्यूज धुण्यात गेला, विसरून गेले, आणि कांदा आठवडाभर तहानला. तेव्हापासून घरच्यांनी फ्यूजला हात लावू दिला नाही. मग आप्पांनी विहिरीवर जाऊन, घड्याळ लावून आबांना खालून वर चढवलं. अडीच मिनिटं लागली. तीन लिहिली.

दोन्ही बाजूंना ऊस होता आणि मी जागी होते. तो सगळा ऊस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला मात्र सारखं दिसत होतं की एक म्हातारा पायऱ्यांवर आहे आणि माझा थकलेला शांत आवाज त्याला सांगतो आहे की मोटार चालू होत आहे.

आबा विहिरीच्या काठावर, लिंबाच्या सावलीत बसले होते. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. झाडाच्या फांदीला भोंगा बांधलेला होता. आप्पांनी मला पुढे केलं आणि सांगितलं की पेटीतली बाई ती हीच. आबांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं. बोल बघू, असं म्हणाले. मी काय बोलणार? नमस्कार करते आबा, म्हणाले. त्यांनी मान हलवली, आवाज ओळखीचा निघाला.

मग त्यांनी जे सांगितलं ते जमिनीकडे बघत, काडीनं माती उकरत सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. नवी पेटी बसली त्याच आठवड्यात ते खाली होते. लाइट आली, भोंगा बोलला. नेहमीसारखे सावकाश उठले. एक-दोन पायऱ्या चढले असतील तोवर मोटार लागली आणि अंगावर पाणी आलं. पाय सटकला. भिंतीतली लोखंडी कडी हाताला लागली म्हणून वाचले. ती धरून ते ओल्या पायरीवर बसून राहिले. हाक मारली तर मोटारीच्या आवाजात वर कोण ऐकणार. परत लाइट जाईपर्यंत बसले. किती वेळ ते त्यांना माहीत नव्हतं. खाली उतरले तेव्हा ऊन डोक्यावर होतं, वर आले तेव्हा लिंबाची सावली शेजारच्या रानात गेली होती. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विहीर कायमची बंद.

“आमाला का न्हाई सांगितलं, आबा?” आप्पांनी विचारलं.

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “आधी ही येक बोलायची, मग लई वेळ गप बसायची. आता दोन्ही येकदम बोलती. म्हटलं, पोरीला काम वाढलं असंल. घाईत असंल.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दोन महिने एका माणसानं माझी चूक माझ्या कष्टांच्या नावावर टाकली होती. मी सांगून टाकलं की काम वाढलं नव्हतं, उलट कमी झालं होतं, आणि तीन मिनिटांची ओळ मी न विचारता पुसली होती. आबांना ओळ म्हणजे काय ते कळलं नसावं. ते म्हणाले, होतं.

आणि रोज खाली जायचं तरी कशाला? हे मी त्यांना विचारलं नाही, ते आपणच बोलले. विहिरीत कासव आहे. त्यांच्या मालकिणीनं लग्नाच्या वर्षी सोडलेलं, पाणी राहावं म्हणून. त्या गेल्या, कासव आहे. बाराच्या सुमारास ऊन सरळ पाण्यात पडतं तेव्हा ते वर येतं, आबांच्या हातून भाकरीचा तुकडा घेतं. त्यांचीही भाकरी तिथेच होते, पाय पाण्यात सोडून. आता वरून तुकडे टाकतात, पण वरून टाकलेलं ते खात नाही. तुकडे भिजून तळाला जातात. दुपारी घरी बसवत नाही म्हणून मग बाजाराला जातात, दुकानांच्या सावलीत उभे राहतात आणि परत येतात.

मी पेटी बंद केली, फ्यूज काढून आप्पांच्या हातात दिला आणि आबांना म्हटलं, चला. त्यांनी टॉवेल सारखा केला. आम्ही उतरलो. एकेचाळीस पायऱ्या. प्रत्येक पायरीबरोबर ऊन वर राहत गेलं आणि गारवा घोट्यापासून चढत आला. खाली वेगळंच जग होतं. पाणी हिरवं, न हलणारं, वर आभाळाचं गोल ताट आणि त्यात आप्पांचं डोकं. सुगरणींची दोन घरटी पाण्यावर लोंबत होती. बोललं की आवाज भिंतीला लागून मऊ होऊन परत यायचा. इथे बसलेल्या माणसाला कुठलीही घाई कशी ऐकू आली असेल, असं वाटलं. आबांनी पाण्यात भाकरी धरली. कासव आलं नाही. रुसलंय, ते म्हणाले.

मग मी फोनवरचं घड्याळ लावलं आणि त्यांच्या मागोमाग चढले. दर सहा-सात पायऱ्यांना ते थांबत. थांबले की भिंतीला हात लावून वर बघत. एकदा मागे वळून म्हणाले, “माझ्यामुळं तुझा टाइम जातोय.” मी म्हटलं, तेच मोजायला आलेय.

वर पोचलो तेव्हा चार मिनिटं चाळीस सेकंद झाले होते.

आप्पांनी आकडा दोनदा विचारला. मग ते लिंबाखाली जाऊन बसले. त्यांची तीन मिनिटं खूप जुनी होती. मी ती पुसली हा माझा गुन्हा, पण ती राहिली असती तरी एक ना एक दिवस आबा वरच्या पायऱ्यांवर असताना पाणी आलंच असतं. फाईल आप्पांची, नियमही त्यांचा, पण एकदा मोजून आल्यावर ते परत कधी मोजायला गेले नव्हते. परत येताना ते एवढंच म्हणाले की माणूस म्हातारं होतंय हे फाईलला कोण सांगणार. पुढच्या चहाला त्यांनी स्कूटर थांबवली.

टूल मी काढून टाकलं नाही. आप्पांनाही तसं नको होतं. पेट्या वाढल्या होत्या आणि त्यांचे डोळे सोल्डरिंगनं थकले होते. पण त्याची एक खोड मोडली. आता एखादी विहीर पायऱ्यांची असेल तर ते स्वतःचं उत्तर घालत नाही. ते थांबतं आणि विचारतं, कोण जाऊन बघून आलं आणि कधी. त्या जागी नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय घास तयार होत नाही, आणि तारीख वर्षापेक्षा जुनी झाली तरी होत नाही. फिटर कुरकुरतो. कुरकुरू दे.

आबांच्या पेटीला त्या संध्याकाळी मी सहा मिनिटं लिहिली. आवाजही नवा दिला, फक्त त्या एका पेटीसाठी. पंखा बंद केला, गोधडी लावली. भंगारवाला आला नाही, पहिल्याच वेळी जमलं. पंधरा दिवसांनी आप्पांनी बाजारातून येऊन सांगितलं की आबा कुठे दिसले नाहीत. मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या एसटीत मी दौंड येईपर्यंत झोपले आणि कंडक्टरनं उठवलं.

आता दर वैशाखात मी जाते. मागच्या वर्षी पाच मिनिटं वीस सेकंद भरले, तेव्हा ओळ साडेसहाची केली. यंदा मी एकटीच गेले आणि खाली उतरले नाही. आबा भाकरीचं फडकं घेऊन उतरले, मी काठावर बसून वाकून बघत राहिले. ऊन पाण्यात सरळ पडलं तेव्हा हिरव्यात काहीतरी गडद हललं आणि त्यांच्या हाताशी येऊन थांबलं. तेवढ्यात लाइट आली. डोक्यावर भोंगा खरखरला आणि माझा आवाज माझ्याच अंगावरून विहिरीत उतरत गेला, “लाइट आली, आबा. सावकाश या.”

मी घड्याळ सुरू केलं. खाली त्यांनी उरलेला तुकडा कासवाला दिला, हात धुतले, फडकं झटकलं. मग चढायला लागले. पाच पायऱ्या, थांबणं. पाच पायऱ्या, थांबणं. मध्ये एकदा इतका वेळ थांबले की मी उठून उभी राहिले, आणि परत बसले, कारण मी घाईत आहे असं त्यांना वाटायला नको होतं. एक वर्ष असं येणार आहे की मी इथे येईन आणि मोजायला कुणी नसेल. त्या वर्षीही ही ओळ मी काढणार नाही, टूलनं कितीही विचारलं तरी.

ते वर आले. पाच मिनिटं पन्नास सेकंद. मोटार लागायला अजून चाळीस सेकंद बाकी होते. आबा माझ्या शेजारी टेकले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि विचारलं, आता किती ठेवणार. साडेसात, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग ते चाळीस सेकंद आम्ही दोघं काठावर बसून राहिलो.